अकरा वर्षं प्रभारी

विषय १. प्रार्थना.

कॉलेज ख्रिस्ती मंडळीचं, म्हणून नियामक मंडळाची सभा प्रार्थनेशिवाय सुरू होत नाही. प्रार्थना अध्यक्षांनी, म्हणजे मंडळीच्या रेव्हरंड आढावांनी करायची. त्यांची एस.टी. आंबा घाटात अडकून उशिरा आलेली. स्टँडवरून फोनवर म्हणाले, "सुरुवात करा, पोचतोच."

बाकीचे सगळे रत्नागिरीचे. ख्रिस्ती एकही नाही.

"मुळ्येबाई, तुम्हीच म्हणा," आप्पा म्हणाला. आप्पा माजी विद्यार्थी, आता पावसला आंब्याच्या बागा. "तीस वर्षं रोज सकाळी ऐकताय. मला तर पाठ नाही म्हणून बाकावर उभा केलेला."

मालिनी मुळ्ये उठल्या आणि कॉलेजची प्रार्थना एकही शब्द न चुकता म्हणाल्या. आमेन म्हणून डोळे उघडले, तर दारात आढाव. हातात पिशवी, मान खाली.

विषय २. मागील इतिवृत्त.

कायम झालं. मालिनीबाई मात्र अकरा वर्षं प्रभारी प्राचार्या. कॉलेजच्या घटनेत ओळ आहे : प्राचार्य मंडळीच्या प्रभुभोजनात सहभागी होणारा सभासद असावा. थोडक्यात, ख्रिस्ती. दर जूनला जाहिरात निघते, पात्र सभासद मिळत नाही, बाईंना मुदतवाढ मिळते. मेअखेर त्या निवृत्त होणार. उरलेले चार महिने तरी 'प्रभारी' हा शब्द काढावा, असा अर्ज त्यांनी केलेला.

विषय ३. ग्रंथालयाची कौलं.

मंजूर.

विषय ४. सदर अर्ज.

स्वतःचा विषय निघाला की बाहेर जायचं, असा नियम. पण इतिवृत्तही बाईच लिहितात.

"मग लिहिणार कोण?" आप्पा.

"आल्यावर लिहीन." पेन वहीवर ठेवून त्या व्हरांड्यात गेल्या.

आतून आप्पाचा आवाज येत होता. "अहो, एक ओळ! बदला की!" आढावांचा आवाज येत नव्हता. ते हळू बोलतात. बाईंनी नोटीसबोर्डावरची एक सुटलेली टाचणी नीट खोचली. बारा मिनिटांनी बोलावणं आलं.

"घटना इथे बदलता येत नाही, बाई," आढाव म्हणाले. "वर, धर्मप्रांताच्या सभेत जावं लागतं. ती डिसेंबरात."

"तोवर मी घरी."

"मंडळी तुमची ऋणी आहे."

"ऋण फ्रेम करून द्या," आप्पा पुटपुटला. "भिंतीला लावतील."

बाईंनी लिहिलं : अमान्य.

विषय ५. ऐनवेळचे.

जूनची जाहिरात. मसुदा प्रभारी प्राचार्यांनी करावा. त्या ओळीसकट.

"करते," बाई म्हणाल्या.

सही.

इथे सभा संपतानाच सही होते. आढाव वही वाचू लागले आणि पहिल्याच विषयावर थांबले. दर वेळी तिथे त्यांचं नाव असायचं. आज होतं : प्रार्थना – प्रभारी प्राचार्या मालिनी मुळ्ये.

"नाव हवंच का? 'प्रार्थनेने सुरुवात झाली' एवढं पुरे."

"तुमचं असतं, साहेब."

"याची प्रत धर्मप्रांताकडे जाते, बाई. विचारतील."

"विचारू देत. घडलं ते लिहिलंय. अकरा वर्षं तेच करत्ये."

 

आढावांनी ती ओळ पुन्हा वाचली. पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

"एक शब्दही चुकला नाहीत," ते म्हणाले. मग टोपण काढून सही केली.

तारीख टाकायची राहिली. ती बाईंनी टाकली.