साडेअकराची साक्ष

"शेवटी काय टाकलं?" लंकाबाईने विचारलं.

"दोन."

"मग तेच परत टाका."

गेणू खैरनारांनी बायकोचं ऐकून तेच परत टाकलं. एकाच बोटाने, प्रत्येक बटणावर थांबून, ओठ हलवत. लॅपटॉप क्षणभर विचारात पडल्यासारखा थांबला आणि त्याने सहाव्यांदा सांगितलं की पासवर्ड चुकीचा आहे.

दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन होऊन खैरनारांना पाच आठवडे झाले होते. सिडकोतल्या बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ते पलंगावर होते, आणि पलंगावर आडव्या टाकलेल्या पाटावर वकिलांच्या ऑफिसचा लॅपटॉप होता. तो काल संध्याकाळी आला होता. साडेअकराला त्यावरून त्यांची साक्ष होती.

ही तिसरी तारीख. पहिल्या दोन तारखांना खैरनार दवाखान्यात होते. मागच्या वेळी कोर्टाने लिहून ठेवलं होतं की शेवटची संधी. संतोष वकिलांनी धावपळ करून घरून साक्ष देण्याची परवानगी काढली आणि फोनवर बजावलं होतं, "काका, मोबाइल चालणार नाही. कोर्टाला तुमचे दोन्ही हात आणि अख्खी खोली दिसली पाहिजे. खोलीत दुसरं कोणी नको. लॅपटॉप वायफायला जोडायचा, मी पाठवलेल्या लिंकवर बोट ठेवायचं. बास."

खटला कलाबाईचा होता. तिचा नवरा बुधा पेठ तालुक्यातल्या पाड्यावरून आलेला, अंबडच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे वायरमन. खैरनार त्याच कारखान्याच्या सबस्टेशनमध्ये पॅनलवर. चार वर्षांपूर्वी एका दुपारी, एक चाळीसला, बुधा बंद लाइनवर काम करत असताना लाइन चालू झाली. कंपनीचं म्हणणं असं की बुधाने परमिट, म्हणजे बंद लाइनवर काम करायची लेखी परवानगी, न घेता लाइनला हात लावला, सबब जबाबदारी त्याचीच.

परमिट होतं. खैरनारांनीच ते फाडून दिलं होतं. नियम असा की परमिटचा अर्धा भाग सही होऊन परत आल्याशिवाय लाइनला वीज सोडायची नाही. तो परत आला नव्हता. वरिष्ठ कुलथे साहेबांचा फोन आला, "चढव, माणसं बाहेर आलीत," आणि खैरनारांनी ब्रेकर चढवून लाइनला वीज सोडली. कंपनीच्या चौकशीत त्यांना विचारलं, फोन आला होता का. त्यांनी सांगितलं, आठवत नाही. तेव्हा त्यांच्या निवृत्तीला चौदा महिने होते.

आता ते निवृत्त होते आणि त्यांना सगळं आठवत होतं. वकिलांना त्यांनी फोनचं सांगितलं होतं. ब्रेकर कोणी चढवला, हे वकिलांनी विचारलं नव्हतं आणि खैरनारांनीही सांगितलं नव्हतं. तेही कोर्टातच, शपथेवर सांगायचं, असं त्यांनी पक्कं केलं होतं. घरात फक्त लंकाबाईला माहीत होतं.

"योगिनीला लावा ना परत," ती म्हणाली.

"तिचा फोन लॉकरमध्ये असतो गं. एकपर्यंत मिळत नाही."

योगिनी त्यांची मुलगी, पुण्यात एका बँकेच्या कॉल सेंटरमध्ये. तिथे फोन आत नेऊ देत नाहीत. घरातलं वायफाय तिनेच बसवून घेतलं होतं आणि कॅलेंडरच्या मागे पासवर्ड लिहून ठेवला होता. वरच्या मजल्यावरची मुलं तो वापरतात हे कळल्यावर दिवाळीत तिने तो बदलला. नवा कुठे लिहिला नाही. खैरनारांच्या मोबाइलमध्ये तिनेच टाकून दिला होता, त्यामुळे त्यानंतर कुणाला त्याची गरज पडली नव्हती.

लंकाबाई शेजारी जाऊन आली. समोरचे दोघंही कंपनीत गेलेले. खालच्या मजल्यावर कॉम्प्युटर जाणणाऱ्या रुद्रच्या घरालाही कुलूप.

"ते डबडं इकडे आण," खैरनार म्हणाले.

तिने राउटर खिळ्यावरून काढला आणि वायरीसकट ओढून पलंगापर्यंत आणला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तो उलटा केला. पाठीवर एक कागद चिकटवलेला होता, त्यावर बारीक अक्षरांत एक पासवर्ड छापलेला. तो टाकून पाहिला. चुकीचा. कागदाच्या खाली टाचणीएवढं छिद्र होतं आणि त्याच्याजवळ इंग्रजीत लिहिलं होतं, रिसेट.

हा शब्द त्यांनी एकोणतीस वर्षं रोज वाचला होता. लाइन ट्रिप झाली की पॅनलवरच्या रिलेची छोटी पट्टी खाली पडते. तिला फ्लॅग म्हणतात. कुठला फ्लॅग पडला त्यावरून बिघाड काय ते कळतं. मग रिसेटचं बटण दाबायचं, फ्लॅग वर जातो, पॅनल पूर्वीसारखं होतं. नवीन माणूस आला की खैरनार पहिल्या दिवशी त्याच्याकडून एकच वाक्य दहादा म्हणवून घेत: आधी फ्लॅग लिहा, मग रिसेट. कारण रिसेट केल्यावर काय बिघडलं होतं हे सांगणारं काहीही शिल्लक राहत नाही.

दहा अठ्ठावन्न झाले होते.

"पिन दे," ते म्हणाले.

लंकाबाईने बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढून दिली. त्यांनी ती सरळ केली, छिद्रात घातली आणि दाबून धरली. मनात दहा अंक मोजले. राउटरचे सगळे दिवे विझले आणि एकेक करून पुन्हा लागले. त्यांनी छापलेला पासवर्ड टाकला. लॅपटॉपने तो घेतला. कोपऱ्यात पंख्यासारखं चिन्ह उमटलं, पूर्ण भरलेलं.

"झालं!" खैरनार म्हणाले. "बघ, झालं. शर्ट दे माझा. पांढरा."

लंकाबाईने त्यांना उशीला टेकवून बसवलं, शर्टात हात घालायला मदत केली, केसांवरून कंगवा फिरवला. त्यांनी लिंकवर बोट ठेवलं. पांढरं पान आलं आणि पांढरंच राहिलं. तिचं लक्ष राउटरकडे गेलं. तीस वर्षं शहरात काढूनही घाबरली की तिच्या तोंडी सटाण्याची बोली येई.

"लाल दिवा शे अजून," ती म्हणाली.

वायफायवाल्या रोहितने पाचव्या रिंगला फोन उचलला.

"काका, रिसेट मारलं?"

"मारलं."

"अहो, कशाला मारलं! तुमच्या नेटचा आयडी असतो त्यात. सगळं उडालं की."

"तू सांग तो, मी टाकतो."

"तो ऑफिसच्या कॉम्प्युटरला आहे. आणि ऑफिस बंद करून मी सातपूरला खांबावर चढलोय. चारला येतो."

"साडेअकराला कोर्ट आहे रे माझं."

"मग घरी काय करताय? निघा ना!"

"घरातच आहे कोर्ट."

पलीकडे रोहित हसला. मग बहुधा त्याला वाटलं की हसायला नको होतं. "मोबाइलचा हॉटस्पॉट करून बघा," म्हणाला आणि कसा करायचा ते त्याने नीट सांगितलं.

खोलीत मोबाइलला बोलण्यापुरतीच रेंज असे, इंटरनेटची येत नसे. ती गॅलरीत, कठड्याच्या डाव्या टोकाला येई. लंकाबाई तिथे जाऊन उभी राहिली, मोबाइल धरलेला हात कठड्याबाहेर काढून. अकरा एकोणतीसला लॅपटॉपवर कोर्ट दिसलं.

चित्र तुकड्यातुकड्यांनी येत होतं. उंचावर न्यायाधीशांचं टेबल. खाली उभे संतोष वकील. अगदी मागच्या बाकावर हिरव्या लुगड्यातली बाई, डोक्यावरून पदर, हात मांडीवर. ती कलाबाई असणार. मग चित्र थांबलं.

"खैरनार, आवाज येतोय का?" न्यायाधीशांनी विचारलं.

"येतोय साहेब."

"खैरनार?"

"येतोय साहेब, येतोय!"

"साक्षीदार, शपथ घ्या. माझ्यामागून म्हणा," कारकुनाचा आवाज आला.

"मी ईश्वराची शपथ..." खैरनार म्हणाले. त्यांनी उजवा हात वर केला होता, डावा पाटावर ठेवला होता, दोन्ही दिसावेत म्हणून. समोर वकिलांचं तोंड अर्धवट उघडं राहून गोठलं होतं.

"हात उंच धर," ते गॅलरीकडे ओरडले.

"धरलाय ओ! अजून किती उंच धरू?"

असं तीनदा झालं. तिन्ही वेळा शपथ 'ईश्वराची'च्या पुढे गेली नाही. नंतर पडदा काळा झाला आणि नुसते आवाज येत राहिले. वकील काही विनंती करत होते. विरुद्ध बाजूचे वकील म्हणाले की खोलीत दुसऱ्या बाईचाही आवाज येतोय. मग मधली सगळी खरखर थांबली आणि न्यायाधीशांचा आवाज स्वच्छ, शेजारी बसून बोलावं तसा आला. तिसरी तारीख आहे. पुरेशी संधी दिलेली आहे. साक्षीदाराचा पुरावा बंद. पाठोपाठ पुढच्या खटल्याचा नंबर पुकारला गेला. तोही स्पष्ट ऐकू आला.

लंकाबाई आणखी दहा मिनिटं हात बाहेर धरून उभी होती. संपलं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

एकच्या सुमारास संतोष वकिलांचा फोन आला. ते चिडले नव्हते. "अर्ज टाकून बघू काका," ते म्हणाले. "पण खरं सांगू? दुसरा साक्षीदार नाही आपल्याकडे. लॅपटॉप मात्र उद्या सकाळीच लागेल. कलाबाई घरी जाताना घेऊन जातील, सकाळी ऑफिसला आणून देतील." त्यानंतर योगिनीचा फोन आला. तिने पासवर्ड सांगितला. कॅलेंडरवरचाच होता, फक्त शेवटी दोनच्या जागी पाच.

रोहित सव्वाचारला आला. सात मिनिटांत दिवा हिरवा झाला. "आता बघा काका, पिक्चर बघा कोणता बघायचा तो," असं म्हणून त्याने चप्पल घातली.

कलाबाई साडेपाचला आली. जिने चढून दमली होती. लंकाबाईने पाणी दिलं आणि चहा टाकायला ती आत गेली. कलाबाई पलंगापासून लांब, भिंतीला टेकून खाली बसली.

"पाय कसा हाय भाऊ?"

"आहे तसाच." खैरनारांनी लॅपटॉप मिटून पिशवीत घातला, चेन ओढली. "कलाबाई, माझ्यामुळे झालं आज. नको ते बटण दाबलं मी."

"वकील बोललं मला. मिशनीचं काय, तिला काय कळतंय."

"मी काय सांगणार होतो, ते सांगितलं का वकिलांनी?"

"नाय. कागद सगळं इंग्रजी. आमची नुस्ती सही नायतर अंगठा."

खैरनारांनी तिला सांगितलं. आवाज न चढवता, जसं कोर्टात सांगायचं ठरवलं होतं त्याच क्रमाने. अकरा वाजता परमिट दिलं, त्याचा नंबर. एक अडतीसला फोन आला. फोन कुणाचा, ते नाव. शब्द काय होते. परमिटचा अर्धा भाग परत आला नव्हता आणि आपल्याला ते माहीत होतं. ब्रेकर आपण चढवला. कुणी हात धरला नव्हता. चौकशीत आपण खोटं बोललो.

आत चहा उकळून खाली बसल्याचा आवाज आला. लंकाबाई बाहेर आली नाही.

"तुमी चढावला?" कलाबाई म्हणाली.

"मी."

तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. ती रडली असती, शिव्या दिल्या असत्या, तरी खैरनारांची तयारी होती.

"एक विचारू?"

"विचारा."

"त्यांचा डबा घरी आला ना, तो धुतलेला होता. लखलखीत. म्हंजी जेवलं होतं का न्हवतं, ते मला आजपावतर कळालं नाय. चार वरसं झाली. कोणाला इचारावं? साहेब लोकाला कसं इचारणार?"

खैरनारांनी पाटाच्या कडेवरून हात फिरवला.

"नव्हता जेवला," ते म्हणाले. "काम उरकून जेवतो म्हणाला. डबा माझ्या टेबलावर ठेवून गेला. संध्याकाळी तो तुमच्याकडे पाठवायचा होता. भरलेला पाठवायला माझा जीव झाला नाही. मी रिकामा केला आणि धुतला."

"उघडलं मंग तुमी."

"हो."

"काय होतं त्यात?"

"नागलीच्या भाकरी. दोन. आणि उडदाचं वरण."

"लसणाचं तिखट?"

"तेही होतं. कागदात."

"हां," कलाबाई म्हणाली. "उडदाचंच होतं त्या दिशी."

ती उठली. लंकाबाईने आणलेला चहा तिने उभ्यानेच प्यायला, कपबशी मोरीत नेऊन विसळली आणि जागेवर ठेवली. लॅपटॉपची पिशवी खांद्याला न अडकवता तिने दोन्ही हातांनी छातीशी धरली. चप्पल घालून दाराबाहेर गेल्यावर ती थांबली.

"दार वढून घेऊ का असूं दे?"

"घ्या ओढून," खैरनार म्हणाले.

हात मोकळा नव्हता म्हणून तिने ते कोपराने ओढलं. लॅच लागलं नाही. तिने परत ओढलं, लागलं का ते बघितलं, आणि मग जिना उतरू लागली.