मुंबईची चरखी

सन अठ्ठ्याहत्तरात बाबुलालने मुंबईहून गळाचा दोरा गुंडाळायची चरखी आणली आणि पवनीच्या मासेमार ढिवरांत मुरारीच्या जाळ्याला कोणी विचारेना. बाबुलाल चुलत भाऊच, पण त्याचं कौतुक ऐकून मुरारीच्या पोटात दुखायचं. "धक्क्यावरून समुद्रात फेकाची हाय, निवडून आनली," बाबुलाल गावभर सांगे. कायले एवढी फुशारकी मारून राहिला! आज तर मुरारीची बायको बायाबाईही वैनगंगेवर बघायला आली होती.

बाबुलालने गळ फेकला. चरखी भरारा फिरली आणि नायलॉनच्या दोऱ्याचा हा गुंता झाला! मुरारीला मनातल्या मनात उकळ्या फुटल्या.

"दादा, तुमीच सोडवा," बाबुलाल म्हणाला.

जाळ्यांचे गुंते सोडवण्यात मुरारीची हयात गेलेली. सोडवता सोडवताच त्याला चूक कळली. गळ जाताना फिरत्या चरखीवर अंगठा टेकवून धरायला हवा, म्हणजे दोरा सैल पडून गुंतत नाही. मग कोणाला न विचारता त्यानेच गळ फेकला. तो थेट मधल्या धारेत पडला आणि थोड्या वेळाने हातभर लांब मरळ काठावर आली. अंगठ्याची साल निघाली होती, तरी मुरारीने ऐटीत बायकोकडे पाहिलं.

बायाबाई बाबुलालकडे वळली. "भाऊजी, चरखी मोठी गुणाची आनली जी तुमी!"