दुसरी तपासणी

ज्ञानदाने तो लोखंडी दांडा जेवणाच्या टेबलावर ठेवला तेव्हा जयंत कॉफी पीत होता. दांडा दोन्ही टोकांना वाकलेला होता आणि जुन्या ग्रीसने काळा झाला होता. टेबलावरचं कापड पांढरं होतं.

"अगं, इथे काय? खाली ठेव."

"काय आहे हे?"

"कुठे मिळालं तुला?"

"माळ्यावर. तुझ्या ट्रेकच्या बुटांच्या मागे."

बदलीचा हुकूम आला होता, जोरहाटचा. हॉलमध्ये काळ्या ट्रंका उघड्या पडल्या होत्या आणि ज्ञानदा सकाळपासून माळा रिकामा करत होती. जीप जोरहाटला न्यायची नव्हती. जयंतच्या युनिटमधला निखिल ती घेणार होता. उद्या तो, त्याची बायको आणि त्यांचं एक वर्षाचं बाळ असे ती न्यायला येणार होते.

"स्वे बार आहे, जीपचा, पुढचा," जयंत म्हणाला. "गाडी उंच करायला चाकांचे आर्म बदलून बाहेरच्या कंपनीचे लावले ना आपण, तेव्हा काढला. याला आर्मशी जोडणारी लिंक नव्या आर्मला लागत नव्हती."

"कधी काढलास?"

"स्पितीच्या डोंगरात गेलो त्याच्या आदल्या दिवशी."

"म्हणजे जूनमध्ये."

"असेल."

"मी गाडी उलटवली ती दिवाळीत."

जयंतने कप खाली ठेवला. "त्याचा याच्याशी संबंध नाही, ज्ञानदा."

ज्ञानदा सेक्टर एकोणचाळीसच्या संशोधन संस्थेत उपकरणं सांभाळायची. तराजूचा काटा शून्यावर आहे की नाही हे पाहिल्याशिवाय ती वजन लिहीत नसे. त्या दिवशी शहराबाहेर मुल्लानपूरच्या रस्त्यावर विटांनी भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली उलट्या बाजूने समोर आली, तिने जीप डावीकडे घेतली आणि जीप उजव्या कुशीवर आडवी झाली. शेजारी बसलेल्या लेकीचं, कश्मिराचं, गळ्याखालचं डावं हाड सीटच्या पट्ट्याने मोडलं. हॉस्पिटलमध्ये ज्ञानदाने एकच गोष्ट सांगितली होती, विचारेल त्याला, त्याच शब्दांत. वेग चाळीसचा होता. मी वळवली आणि गाडी झुकली, ती झुकतच गेली.

ते कोणी ऐकलं नाही. जयंत एअर फोर्समध्ये विमानांच्या देखभालीवर होता, आणि त्यानंतर मेसमधल्या प्रत्येक पार्टीत त्याचं एक वाक्य ठरलेलं असे. "मी विमानं सुरक्षित जमिनीवर ठेवतो, आमच्या मॅडम जीप उडवतात." लोक हसत. ज्ञानदाही हसायची. कश्मिराने बॅडमिंटन सोडलं. हात खांद्याच्या वर नेला की दुखायचा. आणि आईच्या गाडीत बसणं सोडलं. "मम्मा, पापा छोड़ देंगे," ती म्हणायची, तोंड वाकडं न करता, सहज. त्या सहजपणाने ज्ञानदाला सगळ्यात जास्त लागायचं.

"हा दांडा काय करतो?" तिने विचारलं.

"तुला माहीत आहे काय करतो."

"तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"वळताना गाडी एका बाजूला कलते. हा पिळतो आणि तिला कलू देत नाही. बस. ऑफ-रोडला लोक काढूनच टाकतात यार, चाकं मोकळी राहतात."

"मुल्लानपूरचा रस्ता डांबरी आहे."

त्याने कप पुन्हा उचलला.

"तुला तेव्हाच कळलं होतं?"

"डोक्यात येऊन गेलं. पण तुझा स्पीडही असेलच ना थोडा."

"चाळीस."

"असं तू म्हणतेस."

ज्ञानदाने टेबलाच्या कडेवरचे हात काढून घेतले. ती आवाज चढवत नसे. राग आला की तिचा आवाज उलट खाली जायचा आणि शब्द सुटे सुटे व्हायचे.

"तुमच्या हँगरमध्ये एक पान्हा सापडला नाही, तर विमान उडतं?"

"ते वेगळं."

"उडतं का?"

"नाही."

"बसव हा."

"आत्ता? अगं, मी निखिलला सांगतो, बार सोबत घेऊन जा, तिकडे मोटर मार्केटमध्ये बसवून घे. त्यात काय..."

"त्याचं बाळ मागच्या सीटवर बसणार आहे. तू काढलास. तू बसव."

अंगणात ऊन चढायला लागलं होतं. जयंतने जीपचं पुढचं तोंड जॅकवर उचललं, खाली स्टँड लावले, चाकं काढली. कश्मिरा पायरीवर येऊन बसली. तिच्या कानात इयरफोन होते, पण गाणं चालू नसावं, कारण ती दोघांकडे आळीपाळीने पाहत होती.

"बघ, हेच सांगत होतो," गाडीखालून जयंतचा आवाज आला. "जुन्या आर्मवर इथे भोक होतं. नव्यावर नाहीये. लिंक जोडणार कशाला?"

ज्ञानदा आत गेली आणि आर्मचं रिकामं खोकं घेऊन आली. तेही माळ्यावरच होतं. खोक्याच्या तळाशी प्लास्टिकचं एक पाकीट होतं, चारही बाजूंनी सीलबंद. आत दोन ब्रॅकेट, दोन लांब लिंक आणि नटबोल्ट. ती वाकली आणि पाकीट गाडीखाली त्याच्या छातीवर ठेवलं.

खालून पाकीट उलटसुलट केल्याची चुरचुर आली.

"सोबत आलं होतं," ती म्हणाली. "तू फोडलंसुद्धा नाहीस."

"दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं होतं. सगळे थांबले होते माझ्यासाठी."

"मग परत आल्यावर?"

"राहून गेलं."

"राहून गेलं," ती म्हणाली. "आणि मी पार्ट्यांमध्ये हसत राहिले."

पाकीट फाटल्याचा आवाज आला.

जयंत कामाला लागला. ब्रॅकेट आर्मवर आवळले, बार रबराच्या बुशमध्ये बसवून चॅसीला धरला, दोन्ही बाजूंच्या लिंक जोडल्या. त्याच्या हातात कसब होतं, हे ज्ञानदाला नेहमीच माहीत होतं. त्याचाच तिला राग होता. येत नसतं तर गोष्ट निराळी होती. स्टिअरिंग त्याने तिला या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावलं आणि खालून लिंक कुठे घासते का ते पाहिलं. चाकं चढवली.

"आता गाडी खाली घेतो," तो म्हणाला. "बुशचे नट शेवटचे आवळायचे ते वजन चाकांवर आल्यावर. लटकत्या गाडीत आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं."

"हे तुला माहीत आहे," ज्ञानदा म्हणाली. "हे सगळं तुला माहीत आहे."

जीप जमिनीवर टेकली. त्याने पुन्हा खाली जाऊन नट आवळले, बाहेर आला आणि फडक्याला हात पुसत सवयीने म्हणाला, "सेकंड चेक." मग थांबला. हँगरमध्ये ती रीतच होती. ज्याने काम केलं त्याने ते तपासायचं नाही, दुसऱ्या माणसाने तपासायचं, आणि त्याच्या सहीशिवाय विमान हलायचं नाही. अंगणात त्याच्या युनिटमधलं दुसरं कोणी नव्हतं.

ज्ञानदाने हात पुढे केला. त्याने पान्हा आणि टॉर्च तिच्या हातात दिले.

ती सलवार-कमीजमध्येच जीपखाली गेली. प्रत्येक नटावर पान्हा लावून पाहिला. मग कश्मिराला हाक मारून तिची लाल नेलपॉलिश मागवली आणि प्रत्येक नटापासून बोल्टच्या टोकापर्यंत एक सरळ रेघ ओढली. नट सैल झाला तर रेघ तुटून दिसते. हेही तिने जयंतकडूनच ऐकलं होतं, लग्नाच्या पहिल्या वर्षी, तेव्हा तिला त्याचं फार कौतुक वाटलं होतं.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या केसांत माती होती.

"आता तिला सांग."

"निखिलला सांगतो ना उद्या. सगळं सांगतो."

"त्यालाही सांग. आधी तिला."

जयंतने पायरीकडे पाहिलं. कश्मिराने इयरफोन काढले होते.

"बेटा," तो म्हणाला, "वो जो ऐक्सिडेंट हुआ था ना. ये पार्ट तब गाड़ी में नहीं था. मैंने निकाला था."

"मतलब?"

"मतलब गाड़ी ज़्यादा झुकती थी."

"मम्मा की गलती नहीं थी?"

"अब देखो, ट्रॉली भी गलत साइड से..."

"जयंत," ज्ञानदा म्हणाली.

"नहीं थी," तो म्हणाला.

कश्मिराचा उजवा हात गळ्याखालच्या त्या डाव्या हाडापाशी गेला, तिथेच राहिला. "आपको पता था, पापा?" तिने विचारलं. उत्तराची वाट न पाहता ती उठून आत गेली.

ज्ञानदा स्टिअरिंगवर बसली. गाडी चालवून पाहिल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही. तिने किल्ली फिरवली तेव्हा मागचं दार उघडलं. कश्मिरा बूट घालून आली होती. पुढची सीट रिकामी होती. ती मागे बसली, पट्टा लावला आणि खिडकीवरचं हँडल धरलं.

"चलो," ती म्हणाली.

जयंत फाटकाशी उभा होता. त्याच्या हातात फाटलेलं पाकीट होतं. तो बाजूला झाला.

सेक्टरच्या चौकात दुपारची गर्दी नव्हती. ज्ञानदाने काटा चाळिसावर नेला आणि चौकाला वळसा घेतला. जीप किंचित कलली आणि कलणं तिथेच थांबलं. आरशात तिला हँडलवरची मूठ दिसत होती, नखं पांढरी पडलेली.

घराचा रस्ता आला. ज्ञानदाने तो सोडला आणि त्याच वेगाने आणखी एक फेरी घेतली.