कॉलरवालं आलं न्हाई

चारठाण्याच्या अलीकडं आमची शाळा. दुसरीच्या पोरांना मी चित्र काढायला सांगितलं : मला काय चांगलं येतं. शनिवारी चित्रं भिंतीवर लागणार होती, घरची माणसं बघायला येणार होती.

भक्तीनं स्वतःला एसटी ढकलताना काढलं. ड्रायव्हर आत बसून चहा पीत होता. बबलूनं एक आडवी रेघ ओढली.

"हे काय?"

"मी. झोपलोय."

"पांघरूण कुठाय?"

"उकडायलंय, सर."

मी खाली 'छान' लिहिलं. झोप त्याला खरंच चांगली येत होती, मी रोज बघत होतो.

चंदाचा कागद मात्र कोरा. तिच्या घरचे मेंढरं घेऊन हिंडायचे, दिवाळीनंतर तिला शाळेत घातलेलं.

"मला काईच येत न्हाई, सर. माझा कागद लावू नका. आई येणाराय."

"काहीतरी येतच असेल. जे येतं ते रंगानं कर," असं म्हणून मी खिचडीची चव बघायला गेलो. हे मला चांगलं येतं.

परत आलो तर सगळा वर्ग माझ्याकडं पाठ करून उभा. प्रत्येकाच्या पांढऱ्या शर्टावर निळा ठिपका. कुणाच्या खांद्यावर, कुणाच्या कमरेवर. बबलूच्या थेट कॉलरवर.

"चंदा, काय हे?"

"निशाणी. रानात सोडायच्या आदी करतेत आमच्यात. न्हाई तर दुसऱ्याच्या कळपात जातेत."

"अगं, ही मेंढरं नाहीत."

"व्हय. मेंढरं येवढी हलत न्हाईत."

शाळा सुटली. पोरं दारातून पळाली, मी खिचडीच्या खोलीला कुलूप घातलं. चंदा उंबऱ्यातच उभी होती.

"सर, कॉलरवालं आलं न्हाई."

"गेला असेल पुढं."

"ते पुढं जाणारं न्हाई. मागं राहायची खोड असली की मी मानंवर लावते."

कुलूप उघडलं. तांदळाच्या पोत्यांमागं बबलू, आडव्या रेघेसारखा.

मी चंदाला तिचा कागद परत दिला. तिनं सगळे ठिपके एका घोळक्यात काढले आणि एक लांब, कागदाच्या कडेला. "खाली लिवा सर, मला कोण आलं न्हाई ते कळतं."

मी लिहिलं.

शनिवारी तिची आई त्या चित्रापुढं बराच वेळ उभी राहिली. मग कडेच्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाली, "ह्ये मागं ऱ्हातं व्हय गं?" चंदा एकदम उंच दिसायला लागली.

तेवढ्यात बबलूची आजी, कासाबाई, शर्ट घेऊन आली. "गुरजी, डाग निगंना."

"मावशी, चुकलं आमचं."

"ते ऱ्हाऊ द्या. आमचं म्हातारं जिंतूरच्या बाजारात लय हरवतंय. ह्या पोरीला म्हणावं, त्येला बी एक लाव."

चंदानं ब्रश पाण्यात बुडवला.

"खोड काय हाय त्येची?"