फळ्यावरची म्हैस

मंगळवार पेठेतल्या आमच्या तालमीबाहेर एक फळा आहे. फुटबॉलचा सामना, कुणाचं लग्न, कुणाची माती, सगळं त्यावर लिहिलं जातं आणि पेठ ते खरं मानते. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तालमीचे अध्यक्ष सयाजीराव यांच्याकडून त्याचा एक कोपरा मागून घेतला. दर शनिवारी सकाळी तिथं कवितेसाठी एक विषय लिहायचा आणि मुलांनी आठवडाभरात कविता करायची. विषय मुलंच पाळीपाळीनं देतात.

त्या शनिवारी चौथीतल्या सौंदर्याची पहिलीच पाळी होती. कितीतरी आठवडे ती विचारत होती, "गुरुजी, माझी कधी?" तिनं टाचा उंचावून लिहिलं: ‘कवितेचा विषय’. त्याखाली, ‘म्हैस हरवली आहे. कपाळावर चांद, डावं शिंग वाकडं.’ तिच्या अज्जाची, म्हणजे आजोबा बसलिंगाप्पांची, म्हैस अगदी तशीच होती. ते जवळच्याच दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर तिची धार काढून देतात.

दुपारी सयाजीरावांना सामन्याची वेळ लिहायला जागा हवी होती. त्यांनी वरची ओळ पुसली. खाली म्हैस तेवढी राहिली.

संध्याकाळी तालमीतल्या पोरांनी फळा वाचला आणि जोर-बैठका सोडून, अंगाला माती तशीच, पेठभर पळत सुटली. कट्ट्यावर त्यांना चांद दिसला, वाकडं शिंग दिसलं. जवळ कोणी नव्हतं, कारण बसलिंगाप्पा चहाला गेले होते. पोरांनी दावं सोडलं आणि म्हैस वाजतगाजत तालमीच्या दारात आणली. कुणीतरी तिच्या कपाळाला गुलालही लावला. दुधाची गिऱ्हाइकं तांब्या-कासंड्या घेऊन मागोमाग आली.

बसलिंगाप्पा चहा पिऊन परतले, तर खुंटा मोकळा. फळ्यावर लिहून टाकावं म्हणून ते धापा टाकत तालमीकडे आले आणि फळ्यापुढं थबकले.

"मी सांगायच्या आधीच लिवलंय की," ते मला म्हणाले. "लई चांगली माणसं हाईत बगा ह्या पेठंत."

"आणि सापडलीबी," सयाजीराव छाती काढून म्हणाले. "तालीम हाय ही, पावणं."

मला हसू आवरेना. सौंदर्या मात्र माझा सदरा घट्ट धरून उभी होती. शेवटी तीच म्हणाली, "अज्जा, म्हैस हरवली नव्हती. तो माझा विषय होता."

सयाजीरावांचा चेहरा लाल. "म्हंजे आमी कवितंमागं पळालो व्हय? मास्तर, उद्यापास्नं फळा बंद. पेठंचा खेळ केलासा."

"वरची ओळ तुम्हीच पुसलीत, सयाजीराव," मी म्हणालो.

"पुसली आसंल. बंद म्हंजे बंद."

सौंदर्याचे डोळे भरून आले. पहिली पाळी आणि तीच शेवटची. मी हळूच विचारलं, "कविता झालीय का गं?" तिनं मान डोलावली. दुपारीच झाली होती. ती म्हशीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली,

"मी हरवले नव्हते,
मी उभीच होते.
तुम्ही पळालात इकडे-तिकडे,
म्हणून मीही आले बघायला,
तुमचं काय हरवलं."

"दुपारी केलीस ही?" मी चकित झालो.

"शेवटच्या तीन ओळी आत्ताच केल्या."

आधी बसलिंगाप्पा हसले, मग तांब्या धरलेल्या बायका, मग मातीनं भरलेली ती सगळी पोरं. त्या गोंधळात म्हशीनं सामन्याच्या वेळेवर नाक घासलं आणि वेळ पुसली गेली. एक पैलवान तर हसता हसता पायरीवर बसला. सयाजीराव तोंड फिरवून उभे होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

त्यांनी खडू उचलला आणि फळ्यावर मधोमध आडवी रेघ ओढली. "रेघंच्या खाली तुमचं. वर ठळक लिहायचं, ‘कविता हाय, शोधाय जाऊ नये.’ ह्ये पुसलं कुणी, तर माझ्याशी गाठ हाय."

सौंदर्यानं खडू घेतला. बसलिंगाप्पा तिथंच दारात धार काढायला बसले.

सयाजीराव माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मास्तर, मोठ्या माणसाला पाळी मिळती का?"

"मिळते की. पण आधी बाकीच्या पोरांची."