बाटलीतला अनंत

मित्रांनो, घटकाभर कल्पना करा की तुम्ही काचेचे आहात. तुमच्या पोटात दुधी, थरथरती खळ आहे आणि तिच्यावर नखाएवढे हिरवे कोंब उभे आहेत. त्यांना जपायचे, एवढेच तुमचे काम. तोंड आहे, पण ते घट्ट झाकलेले. जमले? मग माझे दुःख तुम्हाला कळेल.

मी एक जुनी काचेची बाटली आहे. जॅम पोटात घेऊन मी माथेरानच्या एका हॉटेलात गेले आणि रिकामी झाल्यावर भंगारात पडले. तिथून कुंभिवलीच्या रोपवाटिकेत आले. तिचा मालक हिरामण शेतीशाळेत शिकलेला. मागच्या खोलीत त्याने ऊतीसंवर्धन सुरू केले होते. म्हणजे झुडपाच्या शेंड्याचा अगदी बारीक तुकडा घ्यायचा, बाटलीतल्या खळीसारख्या खाऊवर ठेवायचा आणि त्यातून नवी रोपे वाढवायची. त्या खाऊत साखर असे, क्षार असत, नारळाचे पाणीही असे. बाटलीसकट सारे आधी वाफेवर तापवून घेत, कारण असा खाऊ बुरशीलाही फार आवडतो. हवेतला एक कण आत गेला तरी घात होतो.

कोंडाणे गावातल्या अंबाबाई नावाच्या बाईच्या दारात अनंताचे झुडूप होते. तिच्या नवऱ्याने ते लावले होते. नवरा गेला आणि काही वर्षांनी झुडूपही मुळापासून वाळू लागले. फांद्या लावून पाहिल्या, त्या कुजल्या. शेवटचे हिरवे शेंडे घेऊन ती हिरामणकडे आली. काही बाटल्यांत ते तुकडे ठेवले, पण बुरशीने एकेक बाटली गेली. तिकडे झुडूपही पार वाळले. उरला तो माझ्या पोटातला अनंत.

अंबाबाई दर बाजाराला यायची. पडवीत टेकून म्हणायची, "हिरामण, माजी पोरं दाखव रं!" मग काचेला डोळा लावून हसायची. "बाटलीत झाडं वाढवतोस. उद्या म्हशी पन वाढवशील!"

तेव्हा मला किती मिरवल्यासारखे वाटायचे!

मग खंडेनवमी आली. हिरामणने बजावले, "पूजा पडवीत करा. आतल्या खोलीत फूल नको, कुंकू नको." बाटल्या धुणाऱ्या सोनुबाईने चिमटे, कात्र्या, कुदळी पाटावर मांडल्या, झेंडूची फुले वाहिली, नारळ फोडला. तिची मुलगी चिमा हे सारे पाहत होती. सगळ्या हत्यारांची पूजा झाली आणि जिच्यात अंबाबाईची पोरं आहेत तीच बाटली उपाशी राहिली, असे तिला वाटले. नारळाचे पाणी तर त्यांचाच खाऊ! सगळे प्रसाद घेत असताना ती हळूच आत आली. माझे झाकण उघडून तिने दोन बोटांनी नारळाचे पाणी शिंपडले. "घ्या गं बायांनो," ती कुजबुजली आणि झाकण लावून गेली.

मित्रांनो, त्या बोटांत माया होती. पण ते पाणी उकळलेले नव्हते आणि बोटेही धुतलेली नव्हती. ज्याच्यावर माया करायची, त्याला काय सोसते आणि काय नाही, हे आधी कुणाला तरी विचारावे. मला ओरडून सांगावेसे वाटले. पण झाकल्या तोंडाने कशी ओरडणार?

काही दिवसांत माझ्या एका कडेला पांढरी लव उगवली. ती खळीवरून सरकत कोंबांकडे निघाली.

बाजाराच्या दिवशी हिरामणने मला उजेडात धरले. त्याचा चेहरा उतरला. "ही बाटली आपण उघडलीच नव्हती, सोनुबाई. म्हणजे बुरशी झुडपाच्या आतच होती. आता कोंब दुसरीकडे हलवून उपयोग नाही, तिथेही येईल. टाका उकळत्या पाण्यात."

पडवीतून हाक आली, "माजी पोरं दाखव रं!"

सोनुबाईने मला उचलले. स्टोव्हवरच्या पातेल्यातून वाफ येत होती.

"आये, नको टाकू!" दारातून चिमा धावत आली. "आतली नाय ती बुरशी. मी उघडली व्हती बाटली. खंडेनवमीला नारळाचं पानी घातलं."

सोनुबाईचा हात वर गेला. "कारटे, तुला किती येळा सांगितलं व्हतं गं!"

"थांबा, मारू नका," हिरामण म्हणाला. "कोणत्या बाजूला घातलंस, चिमा?"

"हितं."

त्याने मला फिरवले. दुसऱ्या कडेचे दोन कोंब अजून स्वच्छ होते. "बुरशी बाहेरून आली असेल, तर हे नव्या बाटलीत वाचतीलही. खात्री नाही." त्याने साबणाने हात धुतले आणि चिमटा जाळावर धरला.

मला वाटले, चिमा आता मागच्या वाटेने घरी पळेल. पण डोळे पुसून ती पडवीत गेली.

"काय गं, कशी हायत माजी पोरं?" अंबाबाईने विचारले.

चिमा तिच्या पायाशी बसली आणि पहिल्यापासून सगळे सांगू लागली.