खंडेनवमीचा फोटो

अप्पांचा घडीचा कॅमेरा माळ्यावरून पडला तेव्हा योगीराजला आधी वाईट वाटलं आणि मग थोडं हायसंच वाटलं. त्याचा कातडी भाता उंदरांनी कधीच कुरतडला होता, आता पत्राही चेपला. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही, तसं आता तो उघडायला हरकत नव्हती. काच शाबूत होती आणि त्याला काचच हवी होती.

अप्पांचा, म्हणजे योगीराजच्या वडिलांचा, मल्लाप्पांचा, निपाणीला फोटो स्टुडिओ होता. ते गेल्यापासून त्याच्या आईनं, गंगव्वानं, कुणालाच आपला फोटो काढू दिला नव्हता. बंगळुरातल्या जे. पी. नगरच्या घरात कुणी मोबाइल उचलला की तिचा पदर तोंडावर आलाच. अव्वा दिवसेंदिवस वाळत चालली होती. उद्या आपल्याकडे तिचा नुसता पदर उरेल, ही धास्ती योगीराजला सोडत नव्हती. त्यानं फारच मागे लागून पाहिलं, तेव्हा ती म्हणाली होती, "ह्यांच्या काचेतून काढणार असशील तर बसते." एवढ्यावर पोरगं गप्प बसेल, असं म्हातारीला वाटलं असावं.

पोरगं बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात लेथवर होतं, हे ती विसरली. त्यानं मागची चकती पिरगळून काच सोडवली. भिंगाच्या कडेला, खाचेत, लालसर किट्ट बसलं होतं. गंज असेल, असं म्हणत त्यानं काडीला कापूस गुंडाळून ते साफ कोरून काढलं. साहेबांना विचारून ॲल्युमिनियमची कडी कातली आणि काच आपल्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसवली.

गंगव्वा शब्दाला जागली. खुर्चीत बसली, फोटो निघाला, आणि योगीराजनं हौसेनं तो तिला दाखवला. हात दाखवून अवलक्षण झालं. फोटोत एकेक सुरकुती मोजून घ्यावी इतकी लख्ख होती.

"ही कोण म्हातारी?" गंगव्वा म्हणाली. "ह्यांनी काढलेला असा यायचा नाही. पुरे आता."

ती खरंच बोलत होती. दर खंडेनवमीला पूजा झाली की अप्पा तिचा एक फोटो काढायचे. योगीराजनं आल्बम काढून पाहिला. गिऱ्हाइकांचे फोटो तेव्हाही लख्खच यायचे, अव्वाचे तेवढे सायीसारखे मऊ. अप्पांची काहीतरी युक्ती असणार आणि ती त्यांच्याबरोबर गेली, असं समजून त्यानं आल्बम मिटला. मनातून फार खट्टू झाला होता.

खंडेनवमी आली. गंगव्वानं स्कूटरला हार घातला, मिक्सरला हळदकुंकू लावलं, योगीराजच्या पान्यांवर फुलं वाहिली. मग कॅमेऱ्यापाशी आली. ओल्या कुंकवात बोट बुडवलं आणि थेट काचेवर टेकवलं.

योगीराजची बायको पवित्रा "अत्ते, स्वल्प..." म्हणत सासूला अडवायला पुढे झाली. योगीराजच्याही ओठांवर शब्द आला होता. पण गंगव्वा हात जोडून उभी होती, डोळे मिटलेले होते. त्यानं पवित्राला हातानंच थांबवलं.

नमस्कार करून गंगव्वा आपणहून खुर्चीत जाऊन बसली. सणाला नको म्हणू नये, काढायचा तर काढ, म्हणाली. काच पुसायची तर तिच्या देखत पुसावी लागणार होती. योगीराजनं पुसली नाही. आजचा फोटो वाया जाणार, असं मनाशी म्हणून त्यानं बटण दाबलं.

मग पडद्याकडे तो बघतच राहिला. कुंकवाचा डाग कुठेच उमटला नव्हता. अव्वाचा चेहरा तेवढा मऊ झाला होता, आल्बममधल्यासारखा. काचेच्या कडेचा तो लालसर गंज म्हणजे वर्षानुवर्षांचं कुंकू होतं, हे त्याला आत्ता कळलं.

गंगव्वानं फोटो बराच वेळ पाहिला. "आता आला," ती म्हणाली. "ह्यांची काच ती ह्यांचीच. आधी तू काय चुकवलं होतंस?"

अप्पा इतकी वर्षं त्या कुंकवाबद्दल बायकोला एका शब्दानं बोलले नव्हते.

"माझाच हात हलला होता, अव्वा," योगीराज म्हणाला.